कोरडी पट्टी

आमच्या घरात ताटावर सिमेंटचं नाव काढायला बंदी होती. बंदी आईची. नवरा आयुष्यभर स्लॅब ओतणारा मिस्त्री आणि मुलगी पूल तपासणारी इंजिनियर, अशा दोघांच्या मध्ये बसून जेवणाऱ्या बाईने हा नियम केला नसता, तर तिच्या कानावर वाळू आणि खडीशिवाय दुसरं काही पडलंच नसतं. पुढे आईला अर्धांगाचा झटका आला, ती नदीपलीकडच्या शुश्रूषागृहात राहायला गेली आणि जेवायला आम्ही बापलेक दोघंच उरलो. तरी नियम चालूच राहिला. ती समोर नसताना तो मोडणं आम्हा दोघांनाही जड गेलं असतं.

हे आधी सांगते, कारण पुढचा सगळा घोळ या नियमामुळे झाला.

शुश्रूषागृह नदीच्या पलीकडे आणि आम्ही अलीकडे. मध्ये जुना पूल. त्याच्या स्लॅबला बारीक भेगा पडल्या म्हणून तो सगळ्या वाहनांना बंद केलेला, फक्त पायी जाणाऱ्यांना मोकळा. वळसा घालून दुसऱ्या पुलाने जावं तर पोचेपर्यंत भेटायची वेळ संपते. म्हणून बाबा रोज सकाळी काठी टेकत पूल ओलांडायचे, आईजवळ बसायचे, तिला भरवायचे आणि तसेच पायी परतायचे. त्यांचा गुडघा कधीच कामातून गेला होता. आणखी फार दिवस हा गुडघा एवढं चालू देणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. आईला इकडे आणावं तर तिच्यासारख्या पेशंटकडून बोलण्याचा सराव करून घेणारं दुसरं ठिकाण जवळपास नव्हतं. म्हणजे पुलावरून बस सुरू झाली नाही, तर एक दिवस बाबा या टोकाला अडकणार आणि आई त्या टोकाला. आणि बस सोडायची की नाही हे ज्या चाचणीवर ठरणार होतं, ती चाचणी माझ्याकडे होती.

भेगेचं दुखणं साधं असतं. भेगेतून पाणी आत जातं, आतली सळई गंजते, गंजली की फुगते आणि फुगली की भेग रुंद करते. आमच्या पुलाच्या सळया अजून शाबूत होत्या. पण भेगा बुजतील आणि बुजलेल्याच राहतील याची खात्री पटल्याशिवाय बस सोडायची नाही, असं आमच्या खात्याने ठरवलं होतं, आणि ते मला मान्य होतं. आजवर नेहमीचा माल भरून दुरुस्ती केली की वर्ष सरायच्या आत शेजारी नवी भेग हजर व्हायची.

अशात एका कंपनीचा माणूस नवीन काँक्रीट घेऊन आला. त्या उकाड्यातही तो टाय बांधून यायचा, म्हणून ऑफिसात त्याचं नाव टायवाला पडलं. त्याच्या काँक्रीटमध्ये झोपलेले जिवाणू असतात. भेग पडून ओल आत शिरली की ते जागे होतात आणि चुन्यासारखा पांढरा थर तयार करून भेग आतून बुजवतात. आपली जखम आपणच भरून काढणारं काँक्रीट. ऐकायला फार गोड. आमच्या प्रयोगशाळेत ते खरंही ठरलं, पण प्रयोगशाळेतले ठोकळे पाण्याच्या टाकीत बुडवलेले असतात. आमच्या पुलावर वर्षातले कितीतरी महिने थेंबही पडत नाही. मी टायवाल्याला हे विचारलं, तर तो म्हणाला की हवेतला ओलावा पुरतो, पहाटेचं दव पुरतं.

मी म्हटलं, मग पुलावरच सिद्ध करू. मी मुळात संशयी आहे. नवीन वस्तू दिसली की लोक तिचे गुण बघतात, मी ती कुठे मोडेल ते बघते. या स्वभावाने माझं लग्न जमता जमता राहिलं, असं आमची आत्या म्हणते. असो. पुलाच्या पलीकडच्या टोकाला पदपथात मी नव्या काँक्रीटची एक लांब पट्टी ओतून घेतली. ती पक्की झाल्यावर तिला मुद्दाम केसाएवढ्या भेगा पाडल्या, दोरी बांधली आणि तिथल्या वॉचमनला ताकीद दिली की कुणी पाय ठेवता कामा नये. कोरडा हंगाम नुकताच लागला होता. हाच पट्टीचा कस.

दर आठवड्याला दुपारच्या उन्हात मी भिंग घेऊन उकिडवी बसायची. आणि काय सांगू, भेगा भरत होत्या. आधी कडेला पांढरी साय दिसली, मग भेगेच्या आत पांढरी रेघ आली, मग काही भेगा शोधूनही सापडेनात. टायवाल्याचा टाय जास्तच ताठ दिसायला लागला. मोठे साहेब दोनदा येऊन पाठ थोपटून गेले. मला माझ्या संशयाची लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर तेवढाच आनंदही झाला. बाबांचा गुडघा माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. येत्या आठवड्यात खात्याच्या समितीपुढे निकाल मांडायचा आणि पुलाच्या दुरुस्तीला हात घालायचा, एवढंच बाकी राहिलं होतं.

त्या रविवारी आईला ही बातमी कधी सांगते असं मला झालं होतं. एरवी रविवारी कपडे धुऊन, घर आवरून मी उशिरा जायची. बाबा कधीच पुढे गेलेले असायचे. त्या दिवशी कपडे तसेच भिजत ठेवून मी निघाले, घाईत पट्टीकडेही पाहिलं नाही. शुश्रूषागृहाच्या जिन्यावर पावलांचे ओले ठसे होते. ठसे थेट आईच्या खोलीत गेलेले. आत बाबा खुर्चीवर बसलेले, पँट पोटरीपर्यंत भिजलेली, चपलांतून पाणी निथळत होतं. फरशी पुसणाऱ्या मावशी दारातच कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, आणि सिस्टर मात्र हसत होत्या.

सिस्टर मला म्हणाल्या की आता गंमत बघा. त्यांनी आईला विचारलं, "बाबांचे पाय कसे आहेत?"

झटक्यानंतर आईकडे "आले", "नको" आणि "पुरे" एवढेच शब्द उरले होते. तिने चांगला हात उचलून बाबांच्या पायांकडे बोट केलं आणि ओठ वाकडे करत, जोर लावून म्हणाली, "ओले."

नवीन शब्द. इतक्या महिन्यांनी. मी आईचा हात धरून रडले. ओल्या पायांनी आत येणारा माणूस रोज बघून बघून हा शब्द तिला परत सापडला होता. सिस्टर सांगत होत्या की रोज हे असेच येतात, मावशी रोज चिडतात, आणि त्यातूनच हा शब्द निघाला. मी हसत हसत डोळे पुसले आणि सहज विचारलं की बाबा, या दिवसांत पाय भिजवायला पाणी तरी कुठे मिळतं तुम्हाला.

बाबा आईच्या तोंडाजवळ चमचा धरत म्हणाले, "अगं, तुझ्या त्या पट्टीला पाणी मारतो ना येताना."

आईला बातमी न सांगताच मी उठले.

परत येताना वॉचमनला गाठलं. त्याने तर मोठ्या अभिमानाने केबिनमागून झारी काढून दाखवली. बाबांची जुनी झारी. साइटवर त्यांना नावाने कुणी ओळखायचं नाही, सगळे त्यांना झारी मिस्त्रीच म्हणायचे, इतकं त्यांचं पाणी मारणं प्रसिद्ध. वॉचमन म्हणाला की दोरीच्या आत कुणाला म्हणजे कुणाला सोडलं नाही, फक्त मॅडमच्या वडिलांना सोडलं. मॅडमनीच सांगितलं असणार, नाहीतर एवढ्या म्हाताऱ्या माणसाने रोज नळावर झारी कशाला भरली असती? पट्टीला हात लावू नका, एवढंच मी सांगितलं होतं. ती कोरडी का ठेवायची हे त्यालाही सांगितलं नव्हतं आणि घरीही सांगितलं नव्हतं. घरात तर ताटावर सिमेंटला बंदी.

त्या संध्याकाळी मी ती बंदी मोडली. वरण वाढता वाढता म्हटलं, "बाबा, ती पट्टी कोरडी ठेवायची होती."

बाबांचा घास हातातच राहिला. मी सगळं सांगितलं. दव पुरतं की नाही हेच बघायचं होतं, आणि रोज झारीभर पाणी पिऊन पट्टीने खोटी साक्ष दिली. बोलता बोलता माझा आवाज चढला. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. मनात आलेलं मी विचारूनही टाकलं: बस लवकर यावी म्हणून तर तुम्ही हे केलं नाहीत ना?

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "बस मला हवी आहे. तुझ्याइतकीच हवी आहे. पण मला कुठं माहीत होतं बसचं आणि पट्टीचं? तडकलेलं काँक्रीट उन्हात कोरडं पडलेलं दिसलं. मला बघवलं नाही. त्यात तुझं काम."

माझा राग तिथेच विरला. आयुष्यभर ज्या माणसाने कोरड्या स्लॅबजवळून पाणी न मारता पाऊल उचललं नाही, त्याच्या वाटेवर मी भेगाळलेली पट्टी नेऊन ठेवली आणि वर त्याच्यावरच संशय घेतला. मला स्वतःची चीड आली. तसं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, आता वरण गार होतंय.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये मी चाचणी बाद झाल्याचं सांगितलं. टायवालाही तिथेच होता. साहेब वाईट माणूस नाहीत. पलीकडच्या वस्तीतले लोक रोज त्यांच्या दारात येऊन बसायचे आणि बस कधी म्हणून विचारायचे. त्यांच्या नाकी नऊ आले होते. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला आणि समजावलं की भेगा बुजल्या हे तर खरं आहे ना, मग थोड्या पाण्याचा एवढा बाऊ कशाला. तुमच्याच घरातलं तुम्हीच चव्हाट्यावर आणायचं का? टायवाल्याने लगेच मान डोलावली.

साहेब शेवटी म्हणाले, "मॅडम, पाणी मारलं हे कळणार आहे कुणाला?"

मी म्हटलं, "पुलाला कळेल, साहेब. वर पाणी मारायला रोज माझे वडील येणार नाहीत."

चहा तसाच राहिला. मी सही केली नाही. उलट पुन्हा चाचणी मागितली, आणि या वेळी नीट. पट्ट्या दोन. एक पूर्ण कोरडी, दव आणि हवा एवढ्यावर सोडलेली. दुसरीवर गोणपाट टाकून रोज पाणी. दोन्हींना सारख्याच भेगा. दोन्हींसमोर पाटी, काय चाललंय आणि का, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही वाचता येईल अशा अक्षरांत. कोरड्या हंगामाचे काही महिने हातात होते. साहेबांनी कपाळाला हात लावला, पण परवानगी दिली. पलीकडच्या लोकांना काय सांगू, म्हणाले. मी म्हटलं, मी सांगते. आणि वस्तीत जाऊन सांगितलंही. शिव्या खाल्ल्या. एका बाईने तर तुझं माणूस इकडे असतं म्हणजे कळलं असतं असं ऐकवलं. मी तिला म्हटलं की आहे, आई आहे.

ओल्या पट्टीला पाणी कोण मारणार हे विचारायची गरज नव्हती. या वेळी बाबांना रीतसर काम दिलं. त्यांनी सकाळी उठून दाढी केली, ठेवणीतला शर्ट घातला आणि दोन्ही पट्ट्यांसमोर उभं राहून माझ्याकडून एकेक गोष्ट समजून घेतली. कुठल्या पट्टीला किती पाणी, गोणपाट कधी उलटायचं, कोरड्या पट्टीवर शिंतोडेसुद्धा उडू नयेत म्हणून झारी कुठून धरायची. ताटावर आता फक्त सिमेंटच असायचं. आई असती तर दोघांनाही उठवून लावलं असतं.

कठीण गेली ती कोरडी पट्टी. ओल्या पट्टीला पाणी मारून झालं की झारीत थोडं उरायचं. ते थोडं पाणी घेऊन बाबांना कोरड्या पट्टीशेजारून जावं लागायचं. पहिल्या दिवशी ते तिथे थबकलेले मी लांबून पाहिले. झारी त्यांनी काठीच्या हातात घेतली, काठी झारीच्या हातात, आणि तोंड नदीकडे करून पुढे गेले. उरलेलं पाणी त्यांनी पूल संपतो तिथल्या एका झुडपाला घातलं. पुढे रोज तसंच. ते झुडूप चांगलंच फोफावलं.

दरम्यान गुडघा ऐकेना. एका सकाळी वॉचमनचा फोन आला की बाबा पुलाच्या मध्यावर कठड्याला टेकून बसलेत, उठता येत नाही. मी ऑफिसातून धावत गेले. घरी चला म्हटलं तर म्हणाले, मधोमध आलोय, इकडे काय आणि तिकडे काय, सारखंच. मग मी त्यांना आधार देऊन तिकडेच नेलं. त्या दिवसापासून रोज सकाळी मी त्यांच्याबरोबर जायला लागले. साहेबांना सांगितलं की मी उशिरा येईन आणि उशिरापर्यंत थांबेन. बाबांचा भार माझ्या खांद्यावर येई तेव्हा माझ्या डोक्यात कुठलाही आकडा नसायचा. हा माणूस काठीवर अर्धा झालाय आणि मी एका पांढऱ्या रेघेसाठी त्याला चालवतेय, एवढंच असायचं. ती रेघ खोटी असती तर उद्या याच स्लॅबवर भरलेली बस आली असती. म्हणून चालवलं.

हंगाम सरता सरता समिती पुलावरच जमली. मी भिंग सगळ्यांच्या हातात फिरवलं. कोरड्या पट्टीच्या भेगा पहिल्या दिवशी होत्या तशाच आ वासून होत्या. दवाने काहीही केलं नव्हतं. गोणपाटाखालची पट्टी मात्र बुजली होती. वरून रंगीत पाणी ओतलं, खाली डाग नाही. एवढंच नाही, काही भेगा बुजल्यावर मी तिथलं गोणपाट काढून घेतलं होतं; त्या नंतर कोरड्या राहूनही उघडल्या नव्हत्या. टायवाल्याने टाय सैल केला. त्याला मी म्हटलं की तुमचा माल चांगला आहे, तुमचं बोलणं वाईट होतं. या काँक्रीटला सुरुवातीला पाणी लागतं आणि ते मारणारा माणूस लागतो.

माझी शिफारस तेवढीच होती. पुलावर हे काँक्रीट वापरा. भेगा पडतील तिथे बारीक भोकांची नळी टाका, वर गोणपाट, आणि बुजेपर्यंत पाणी. दरवर्षी कोरड्या हंगामाआधी पाहणी. पाणी मारणाऱ्यांची टोळी कायम नेमलेली हवी. टोळी नाही तर बस नाही. समितीतल्या एका गृहस्थांना हसू आलं. एवढं आधुनिक तंत्रज्ञान आणलं आणि शेवटी झारीच, असं ते म्हणाले. मी म्हटलं, हो, झारीच. साहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली.

दुरुस्ती झाली. वाळूच्या पोत्यांनी भरलेली बस मागेपुढे फिरवून पूल तपासला, स्लॅब कुठे हलला नाही. मग एका सकाळी पहिली खरी बस निघाली. मी आणि बाबा थांब्यावर आधीपासूनच उभे होतो. बाबांच्या हातात झारी नव्हती, आणि मोकळा हात कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. बसमध्ये ते खिडकीशी बसले. पुलाच्या कडेला गोणपाटावर टोळीतली माणसं पाणी मारत होती. बाबा काचेला नाक लावून बघत होते. कोपरा सुटलाय, म्हणाले. मी म्हटलं, बाबा, मारतील.

पूल ओलांडायला पूर्वी कितीतरी वेळ जायचा. बस केव्हा पलीकडे पोचली हे आम्हाला कळलंसुद्धा नाही. जिना बाबा सावकाश चढले. मावशी सवयीने फडकं घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी खाली पाहिलं, फरशी पाहिली आणि फडकं खांद्यावर टाकलं.

आई दाराकडेच बघत होती. "आले," ती म्हणाली. मग तिची नजर रोजच्यासारखी बाबांच्या पायांकडे गेली आणि तिथेच थांबली. ती गोंधळली. तिने बोट उचललं, खाली घेतलं, पुन्हा उचललं. सिस्टर काही सांगायला पुढे झाल्या, बाबांनी त्यांना हाताने थांबवलं. आईचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. कपाळावर घाम आला.

"कोरडे," आई म्हणाली.

बाबा खुर्चीत बसले. त्यांनी आईचा हात दोन्ही हातांत घेतला. "हो गं. बसने आलो," ते म्हणाले, आणि तोंड फिरवून रडायला लागले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मीही रडत होते, आणि मला फार बरं वाटत होतं.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि आईला पुलाचं सांगायला लागले. जिवाणू, गोणपाट, कोरडी पट्टी, कोपरा सुटलेला, सगळं. आईने थोडा वेळ ऐकून घेतलं. मग चांगला हात वर केला आणि म्हणाली, "पुरे."